खोलीतली किटली

त्या जेवणाच्या हॉलच्या तोंडाशी वजनकाटा ठेवलेला होता. किराणा दुकानात असतो तसाच, स्टीलचा, शेजारी कार्ड टेकवायचं यंत्र. ताट वाढून घ्यायचं, काट्यावर ठेवायचं, आकडा उमटला की कार्ड टेकवायचं आणि मग टेबल शोधायचं. रांगेत माझ्यापुढं एक आजी होत्या, ऐंशी ओलांडलेल्या असाव्यात. ताटात काकडी-टोमॅटोची अगदी बारीक चिरलेली कोशिंबीर, थोडं पांढरं चीज, पावाचे दोन काप आणि दोन उकडलेली अंडी. त्यांनी ताट काट्यावर ठेवलं, आकड्याकडे पाहिलं, एक अंडं उचललं, पुन्हा आकड्याकडे पाहिलं. मग ते अंडं हातात घेऊन सावकाश चालत गेल्या आणि मोठ्या भांड्यात परत ठेवून आल्या. कुणी पाहिलंही नाही. गल्ल्यावरची मुलगी मोबाइलमध्ये गुंतली होती. आजींच्या चेहऱ्यावरही काही नव्हतं, रोजचंच असावं तसं.

ते परत ठेवलेलं अंडं मला अजून टोचतं.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या इस्रायलच्या अभ्यासदौऱ्यात मी दुभाषी म्हणून गेले होते. ही २०२३ च्या बरीच आधीची गोष्ट. आमच्या मंडळींना ठिबकच्या नव्या नळ्या बघायच्या होत्या, खतं पाण्यातून कशी सोडतात ते बघायचं होतं. त्यात नवल नाही. १९६५ साली नेगेवच्या वाळवंटातल्या हात्झेरीम नावाच्या किबुत्झानं, म्हणजे जमीन, काम आणि तिजोरी सगळ्यांची मिळून एक असलेल्या गावानं, सिम्खा ब्लास या इंजिनिअरला हाताशी धरून ठिबकचा कारखाना काढला, आणि ती नळी आज आमच्या बांधाबांधापर्यंत पोचली आहे. मला मात्र नळी बघायची नव्हती, किबुत्झ बघायचं होतं. म्हणून त्या सकाळी मी मुद्दाम आजींच्या समोर जाऊन बसले. त्यांचं इंग्रजी स्वच्छ होतं. बोलता बोलता त्यांनी चष्मा पुसायला रुमाल काढला. धुऊन धुऊन विरलेला पांढरा सुती रुमाल, आणि कोपऱ्यात कापडी पट्टीवर छापलेला एक आकडा. मी विचारलं, तर म्हणाल्या, हा माझा धोबीखान्यातला नंबर. नवऱ्याच्या शर्टावर हाच, मुलांच्या मोज्यांवर हाच. सगळ्या गावाचे कपडे एकत्र धुतले जायचे आणि शुक्रवारी दुपारी ज्याच्या त्याच्या नंबरच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेले मिळायचे. त्या स्वतः कित्येक वर्षं तिथं इस्त्रीला होत्या. कुणाचा शर्ट कोपरावर विरलाय, कुणाच्या घरी बाळ येणार आहे, कुणाचं नवऱ्याशी बिनसलंय, हे त्यांना कपड्यांवरून कळायचं. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला. अंड्याबद्दल विचारायची माझी छाती झाली नाही.

किबुत्झ हा शब्द आमच्या घरात आला तो वडिलांबरोबर. वडील राष्ट्र सेवा दलाचे. त्यांच्या पिढीतल्या समाजवादी मंडळींना या प्रयोगाचं जबर आकर्षण होतं. जयप्रकाश नारायण १९५८ साली इस्रायलला जाऊन आले, पुढं सर्वोदयाचे कार्यकर्ते तिथं जाऊन राहून आले, आणि त्या हकिगती शिबिराशिबिरांतून फिरत राहिल्या. वडील जेवताना सांगायचे, तिथं घराला कुलूप नसतं, माणसाच्या खिशात पैसा नसतो, झाडूवाला आणि कारखान्याचा मॅनेजर एकाच टेबलावर जेवतात आणि पुढच्या वर्षी कामं बदलून घेतात. ग्रामदानाच्या चळवळीत ते पायी फिरले होते. गावकरी कागदावर सही करतात आणि बांध मात्र सोडत नाहीत, हे दुःख त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यामुळं जिथं बांधच नाहीत असं एक गाव जगात कुठं तरी खरोखर आहे, याचा त्यांना मोठा आधार वाटायचा. आई भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा तिनं विचारलं, “आणि तिथं स्वयंपाक कोण करतं हो?” वडील म्हणाले, “पाळीपाळीनं. सगळे करतात.” आई काही बोलली नाही. पण तिचा प्रश्न माझ्याबरोबर राहिला.

सुरुवात झाली तेव्हा ती माणसं किती थोडी होती! १९१० च्या ऑक्टोबरमध्ये गालीलच्या सरोवराच्या दक्षिण टोकाला, उम्म जुनी या ठिकाणी, दहा पुरुष आणि दोन बायका राहायला आल्या. पूर्व युरोपातून आलेली विशीतली पोरं. हातात नांगर धरायची सवय नाही, मलेरिया पाचवीला पुजलेला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्यावर मुकादम नको आणि आमच्या हाताखाली मजूर नको. त्यातून डेगानिया उभं राहिलं, पहिलं किबुत्झ. त्याच १९१० मध्ये तिकडे दक्षिण आफ्रिकेत हर्मन कॅलनबाख या ज्यू वास्तुविशारदानं जोहान्सबर्गजवळची अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी गांधीजींच्या हवाली केली होती. तेच टॉलस्टॉय फार्म. तिथंही एकच स्वयंपाकघर, एकच कष्ट. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, एकमेकींना ठाऊक नसलेल्या. कॅलनबाख १९४५ साली गेले आणि त्यांची रक्षा नेऊन ठेवली ती डेगानियात. हे मला कळलं तेव्हा वडील हयात नव्हते. गांधींचा जिवलग मित्र डेगानियाच्या मातीत आहे, हे ऐकून त्यांनी ती गोष्ट पुढची कित्येक शिबिरं सांगितली असती.

पण डेगानियाचीच दुसरीही एक गोष्ट आहे. राहेल ही हिब्रूतली मोठी कवयित्री १९१९ साली तिथं राहायला आली. फ्रान्समध्ये शेतकी शिकलेली, मातीवर अतोनात जीव असलेली बाई. लहान मुलांमध्ये काम करायची. तिला क्षय झाल्याचं कळलं आणि मुलांना लागण होईल म्हणून तिला तिथून जावं लागलं. उरलेली दहा-बारा वर्षं तिनं यरुशलेम, तेल अवीव असं कुठंकुठं खोल्या घेऊन एकटीनं काढली आणि १९३१ मध्ये ती गेली. दफन मात्र पुन्हा त्याच सरोवराकाठी, किनेरेतच्या दफनभूमीत झालं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं, मुलं जपायलाच हवी होती, हे सगळं मला पटतं. तरी वाटतं, जे घर सगळ्यांचं असतं, त्या घरातून एखाद्याला जायला सांगायचं झालं तर ते सांगतं कोण? आपल्या एकत्र कुटुंबात आजारी माणसाला माळ्यावर, पडवीत, कुठं तरी जागा करतात. इथं सभा भरत असे. हात वर होत असत.

सभेत काय काय ठरत असे, हे वाचताना मी थक्क होते. सुरुवातीच्या काळात बऱ्याच ठिकाणी कपडेसुद्धा कुणाचे नसत. संध्याकाळी अंघोळ करून यायचं, ढिगातून आपल्या मापाचा धुतलेला शर्ट उचलायचा. काल तुझ्या अंगात होता तो आज माझ्या. मग बायकांनी तक्रार केली, मापं जुळेनात, आणि नंबर आले. मग आली किटली. १९३० च्या दशकात काही जणांच्या खोलीत चहाची किटली दिसू लागली आणि त्यावर गंभीर चर्चा झडल्या. आज किटलीचं नाव काढलं तर गंमत वाटेल, पण चर्चा करणारी माणसं मूर्ख नव्हती. त्यांना नीट दिसत होतं की खोलीत चहा होऊ लागला की संध्याकाळी माणूस हॉलमध्ये यायचा नाही. मग दोन जण दोघांत बोलतील, चार जण चौघांत, आणि सगळ्यांनी मिळून बसायचं टेबल रिकामं पडेल. तसंच झालं. किटलीमागून रेडिओ आला, फ्रिज आला, टीव्ही आला, आणि प्रत्येक वेळी तीच चर्चा झाली. १९५० च्या दशकात जर्मनीकडून छळछावण्यांतून वाचलेल्यांना भरपाईचे पैसे मिळू लागले, तेव्हा तर फार कठीण प्रसंग आला. आईबाप, भावंडं गमावलेल्या माणसाच्या नावानं आलेला तो पैसा. तोही गावाच्या तिजोरीत टाकायचा का? नियम म्हणत होता, टाकायचा. काहींनी टाकला. काही जण सामान बांधून निघून गेले. त्यातल्या कुणालाही मी दोष देऊ शकत नाही.

नियम चुकीचा होता असं नाही. नियमाला थांबायचं कुठं ते कळत नव्हतं.

हे मला खऱ्या अर्थानं उमगलं ते डिमोनात. दौरा संपल्यावर मी मागं राहिले आणि अलिबागच्या ओळखीतून एका मावशींकडे गेले. नेगेवमधलं हे गाव १९५५ साली वसवलेलं. कोकणातून गेलेले मराठी ज्यू, बेने इस्राएल, इथं मोठ्या संख्येनं आहेत. जिना चढतानाच खोबऱ्याच्या वाटणाचा वास आला. मावशींच्या कपाटात तिकडं निघणाऱ्या ‘मायबोली’चे जुने अंक नीट रचून ठेवलेले. बोलणं थेट अष्टागरातलं. मी किबुत्झबद्दल विचारलं तशा त्या जरा सावरून बसल्या. त्या सोळा वर्षांच्या असताना, साठच्या दशकात, घरात माणसं फार आणि जागा कमी म्हणून त्यांना एका किबुत्झात शिकायला पाठवलं होतं. नव्यानं आलेल्या पुष्कळ मुलांना तसं पाठवत. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस काम, खोलीत चौघी-चौघी. निघताना आईनं कैरीच्या लोणच्याची बरणी बांधून दिली होती. ती त्यांनी पलंगाखाली ठेवली. रात्री दिवा गेला की बोट बुडवून चाटायच्या.

“मग ती सापडली गो,” मावशी म्हणाल्या. “कोणी ओरडलं नाय. ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांना गोल बसवलं. एकेकानं बोलायचं, की एकट्याची बरणी असणं बरोबर का. सगळी गोडच बोलली. मला भाषा पुरती समजत नव्हती, पण बरणीबद्दल चाललंय एवढं समजत होतं.” ठरलं असं की बरणी हॉलमधल्या टेबलावर ठेवायची, म्हणजे सगळ्यांना मिळेल. ठेवली. पोरापोरींनी बोट लावून पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा कुणी हात लावला नाही. आणि मावशींना सगळ्यांदेखत तिथून घ्यायची लाज वाटायला लागली. बरणी टेबलाच्या टोकाला तशीच राहिली. शेवटी लोणच्याला बुरशी धरली.

मला वाटलं, गोष्ट संपली. मावशींनी चहा ओतला आणि पुढं सांगायला लागल्या. दुसऱ्या वर्षी त्यांचे वडील अचानक वारले. निरोप आला तसा किबुत्झाच्या ट्रकमधून त्यांना डिमोनाला पोचवलं. सुतकाचे सात दिवस रोज सकाळी किबुत्झातून कुणी ना कुणी येत गेलं. एक दिवस वर्गातली मुलं, एक दिवस गोठ्यातली माणसं, एक दिवस स्वयंपाकघरातल्या दोघी बायका, मोठं पातेलं घेऊन. आईला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना आईची. नुसती येऊन बसायची, भांडी घासायची, धाकट्या भावंडांना बाहेर फिरवून आणायची. मावशी परत गेल्या तेव्हा हॉलबाहेरच्या कामाच्या फळ्यावर त्यांची नजर गेली. रोजच्या पाळ्या लिहायचा तो फळा: गोठा, संत्र्याची बाग, धोबीखाना, भांडी. त्याच ओळीत एक नवा रकाना खडूनं आखला होता आणि वर लिहिलं होतं, डिमोना. खाली सात दिवसांची नावं.

“आमच्या बापाच्या सुतकाला त्यांनी पाळी लावली होती,” मावशी म्हणाल्या. हे प्रेमानं म्हणाल्या की त्यात अजून काही होतं, ते मला कळलं नाही. मी विचारलं, तिथंच का नाही राहिलात? त्यांनी मान हलवली. “माझी आई एकटी होती. आणि बरणीचं मी विसरले नव्हते.”

ज्या सभेनं बरणी नेली, त्याच सभेनं माणसं पाठवली. ती दोन वेगळी माणसं नव्हती, एकच वृत्ती होती. पलंगाखाली काय आहे ते जिला बघवत नाही, तिलाच दुसऱ्या गावातलं सुतक आपलं वाटतं. यातलं एक ठेवून दुसरं टाकता येईल का, यावर मी अनेक रात्री विचार केला आहे.

रात्रीचीच गोष्ट सगळ्यांत अवघड. बहुतेक किबुत्झांत मुलं आई-बापांजवळ झोपत नसत. जन्मल्यापासून बालघरात राहायची. दुपारनंतर काही तास घरी, मग आई-बाप त्यांना बालघरात नेऊन निजवायचे, गोष्ट सांगायचे आणि निघून यायचे. रात्री पहाऱ्याला एखाद-दुसरी बाई, तीही पाळीनं बदलणारी, म्हणजे रडणाऱ्या मुलाजवळ येणारा चेहरा दर काही दिवसांनी नवा. यामागचा विचार उदात्त होता: मूल बापाच्या मालकीचं नाही, बाईला घराच्या बेडीतून सोडवायचं. गंमत अशी की डेगानियानं हे स्वीकारलं नाही, तिथं मुलं घरीच झोपत. तिथलं पहिलं मूल १९१३ चं, मिर्याम बारात्झचं, आणि ती गोठा सोडायला तयार नव्हती, म्हणून बाळ बरोबर घेऊन दूध काढायची. इतर ठिकाणी मात्र बालघरं दोन-तीन पिढ्या चालली. अंधारात अनवाणी पळत आईच्या दारापर्यंत आलेली आणि हाताला धरून परत नेलेली मुलं, हे तिथं वाढलेल्या माणसांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येतं. उलट त्याच माणसांच्या बोलण्यात बरोबरीच्या गटाबद्दल जी माया येते, ती सख्ख्या भावंडांच्या वरताण असते. योसेफ शेफेर या समाजशास्त्रज्ञानं १९७१ साली किबुत्झात वाढलेल्यांची २,७६९ लग्नं तपासली. जन्मापासूनची पहिली सहा वर्षं सलग एका गटात काढलेलं एकही जोडपं त्यात निघालं नाही. कुणी मनाई केली नव्हती. एका मोरीत अंघोळ केलेली पोरं एकमेकांना भाऊबहीणच मानत होती.

बालघरांत रात्री झोपणं बंद झालं ते कुठल्या तत्त्वज्ञानामुळं नाही. तिथं वाढलेल्या मुली आई झाल्या आणि म्हणाल्या, माझं मूल माझ्याजवळ झोपेल. सत्तर-ऐंशीच्या दशकांत एकेक किबुत्झ बदलत गेलं. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी क्षेपणास्त्रांच्या भीतीनं मुलांना रात्री आई-बापांच्या खोल्यांत आणलं, आणि उरलीसुरली बालघरंही रिकामी झाली. माझ्या आईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही इथंच कुठं तरी आहे. पाळीपाळीनं सगळे सगळं करतील असं म्हणता म्हणता ट्रॅक्टर पुरुषांकडे गेला आणि स्वयंपाकघर, धोबीखाना, बालघर बायकांकडे आलं. एका घरासाठी भाकरी थापायच्या त्या शेकडो माणसांसाठी शिजवू लागल्या. त्या आजी इस्त्रीवर रमल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी मला आईचं ते गप्प बसणं आठवतंच.

मग पैशानं गाठलं. ऐंशीच्या दशकात इस्रायलमध्ये महागाई अशी भडकली होती की कर्ज घेणारा शहाणा ठरत होता, आणि किबुत्झांनी कारखान्यांसाठी, घरांसाठी मोप कर्जं काढली. १९८५ साली सरकारनं महागाईला लगाम घातला, व्याजदर आभाळाला टेकले आणि कित्येक गावं रातोरात दिवाळखोरीच्या काठावर आली. तरुण मंडळी शहराकडे निघाली. मागं राहिलेल्यांनी एकेक दोरी सोडायला सुरुवात केली. आधी विजेचं बिल ज्याचं त्यानं भरायचं, मग जेवणाचं, मग पगार कामाप्रमाणं वेगवेगळा. २००७ साली खुद्द डेगानियानं हा बदल स्वीकारला. आज पावणेतीनशेच्या आसपास किबुत्झ आहेत आणि त्यांतली बहुतेक या नव्या पद्धतीची. एकमेकांच्या आधाराचा कर आहे, म्हाताऱ्यांना पेन्शन आहे, कुणी उपाशी नाही. हे खरं. पण ज्यानं हयातीत स्वतःच्या नावानं एक पैसा ठेवला नाही, ठेवणं पाप मानलं, त्याला सत्तरीत कार्ड हाती देऊन सांगायचं की आता तुझं तू बघ, हे मला क्रूर वाटतं. बरणी टेबलावर ठेवा म्हणताना जसं थांबायचं कळलं नव्हतं, तसंच काटा दाराशी ठेवतानाही कळलं नाही. निदान जेवणाच्या दाराशी तरी तो नको होता.

आणि दाराच्या बाहेर काय होतं, तेही सांगायला हवं, कारण वडिलांच्या गोष्टींत ते कधी आलं नाही. १९२१ साली एन हारोद हे किबुत्झ वसलं ती जमीन बैरूतच्या सुरसुक घराण्याकडून रीतसर विकत घेतलेली होती, पण ती कसणारी कुळं अरब होती आणि त्यांना उठावं लागलं. १९४९ सालचं बराम हे किबुत्झ कफर बिरिम या ख्रिस्ती अरब गावाच्या जमिनीवर आहे. थोड्या दिवसांसाठी म्हणून बाहेर काढलेली ती माणसं कोर्टात गेली, भांडली, आणि १९५३ साली त्यांची घरं पाडली गेली. आत इतकी काटेकोर समता, आणि कुंपणाबाहेरच्या माणसाला त्या समतेत जागा नाही. डिमोनासारख्या गावांतल्या मोरोक्कोच्या, भारताच्या, इराकच्या ज्यूंनाही ते कुंपण दिसत होतं. किबुत्झाच्या कारखान्यात त्यांतले कित्येक रोजंदारीवर जायचे, ज्यांनी कधी मजूर ठेवायचा नाही अशी शपथ घेतली होती त्यांच्याकडे. १९८१ साली तेव्हाचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांनी किबुत्झातल्या पोहण्याच्या तलावांवरून टोला मारला, तो या माणसांच्या वर्मी लागला तो उगीच नाही. मावशींचे यजमान डिमोनाच्या कापड गिरणीत होते. त्या म्हणाल्या, “तलावाचं आम्हांला काय नव्हतं. पण आमची पोरं त्यात उतरली असती तर पाणी आटलं असतं काय?”

७ ऑक्टोबर २०२३ नंतर मी मावशींना फोन केला. त्या सुखरूप होत्या, पण फार वेळ बोलू शकल्या नाहीत. गाझाच्या सीमेवरच्या किबुत्झांत त्या सकाळी जे झालं ते सगळ्यांनी वाचलं आहे. बेएरीत शंभराच्या आसपास माणसं मारली गेली. नीर ओझमध्ये दर चार माणसांतलं एक मारलं गेलं किंवा ओलीस नेलं गेलं. बेएरीच्या व्हिव्हियन सिल्व्हर गाझातल्या आजारी मुलांना आपल्या गाडीतून इस्रायलच्या दवाखान्यांत पोचवायच्या. त्यांनाही मारलं. आणि मग गाझात हजारोंनी, दहा-दहा हजारांनी माणसं मेली, त्यांत किती तरी मुलं. या दोन्ही गोष्टी मी एका दमात लिहू शकत नाही आणि एक सोडून दुसरी लिहूही शकत नाही. बेएरी हे अजूनही जुन्या पद्धतीनं, एका तिजोरीवर चालणारं किबुत्झ होतं. त्यांचा छापखाना आठवड्याभरात पुन्हा सुरू झाला. लोक आधी मृत समुद्राकाठच्या हॉटेलात एकत्र राहिले, आणि तिथून बरेच जण हात्झेरीमशेजारी त्यांच्यासाठी उभारलेल्या तात्पुरत्या घरांत गेले. होय, तेच ठिबकवालं हात्झेरीम. ज्याचं कुणी उरलं नाही त्याच्या शेजारी कोण राहील, मुलांची शाळा कुठं, पहिल्यांदा परत कोण जाईल, हे ती माणसं अजून सभा भरवून ठरवतात. वडिलांना ज्या गावाचा आधार वाटायचा ते गाव मला इथं दिसलं, पण असं दिसायला नको होतं.

अलीकडे मी शहरी किबुत्झांबद्दल वाचत असते. १९८७ साली काही तरुणांनी स्देरोतमध्ये मिगवान आणि बेत शेमेशमध्ये तामुझ अशी किबुत्झं सुरू केली. जमीन नाही, गोठा नाही, कुंपण तर नाहीच. गरिबांच्या, नव्यानं आलेल्यांच्या गावांत मुद्दाम जाऊन राहायचं, जो तो आपापल्या नोकरीवर जाईल, शिक्षक, समाजसेवक, संगणकवाला, आणि पगार एका खात्यात जमा होतील. प्रत्येकाला आपलं घर आहे, मुलं आई-बापांजवळ झोपतात, प्रत्येकाच्या ओट्यावर आपली किटली आहे. माणसं थोडी आहेत, चळवळ म्हणावी इतकीही नाहीत. पण मी हे वाचते तेव्हा मला हुरूप येतो, आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही. मागच्या महिन्यात मी मावशींना हे सगळं फोनवर सांगितलं. स्देरोत त्यांना चांगलं ठाऊक आहे, नात तिथं जवळच कॉलेजात होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकामागून एक प्रश्न विचारले: ज्याचा पगार जास्त त्याची बायको काय म्हणते? कोणी सोडून गेला तर त्याला काय मिळतं? म्हातारपणी हिशोब कसा? मला एकाचंही पुरतं उत्तर देता येईना. “विचारून ठेव,” त्या म्हणाल्या, “आणि पुढच्या वेळी आलीस की आपण दोघी जाऊ तिकडं. बस आहे बेर शेवावरून.”